विसाव्याचं वर्ष

शेजारच्या दामूकाकांच्या बांधावरच्या आंब्यावर लाल रंगाने आकडा घातलाय. रंग अजून ओला आहे, त्याचा ओघळ मुळाकडे उतरतोय. नव्या रस्त्यात हे झाड जाणार.

मघाशी मोजणीच्या साहेबांनी विचारलं, "आंबे धरलेत का?"

काका सरळ माणूस. म्हणाले, "यंदा नाही. वर्षाआड धरतो तो."

साहेबांनी पुढचं ऐकलंच नाही. भरपाईच्या कागदावर लिहिलं, जळाऊ लाकूड.

तेव्हापासून माझं डोकं तापलंय. रस्ता व्हावा, मीही त्यावरून जाईन. पण भरभरून देऊन जो जरा विसावलाय, त्याची किंमत नेमकी त्याच वर्षी ठरवायची? उद्या बाळंतिणीला विचाराल, आज काय काम केलंस?

लिहून झाल्यावर सगळे त्याच्याच सावलीत जेवायला बसले. काकूंनी गेल्या वर्षीच्या, याच झाडाच्या कैऱ्यांचं लोणचं वाढलं. साहेबांनी ते दोनदा मागून घेतलं आणि उठताना रिकामा डबा पुढे केला.

"वहिनी, थोडं घरी न्यायला द्या. असा आंबा हल्ली मिळत नाही."