दुसऱ्या प्रतीची वाट

सायमन गेल्याचं मला देवळालीच्या एस.टी. स्टँडवर कळलं, तेही दफन होऊन आठवडा उलटल्यावर... मला कुणी निरोप धाडला नव्हता. धाडावा असं मी काही ठेवलंही नव्हतं.

साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात तो प्रमुख, मी त्याच्या हाताखाली. काट्यावर उसाच्या गाडीचं वजन झालं की ते एका मशीनमध्ये जाई आणि त्या मशीनची हुबेहूब प्रत शेतकी ऑफिसातल्या दुसऱ्या मशीनवर. एक बंद पडलं तर दुसरं जसंच्या तसं उभं राहावं, ही सायमनची योजना. दुसरीकडे नोंद पोचल्याशिवाय पडद्यावर 'झालं' उमटायचं नाही. मधली केबल लांब, जुनाट. गाड्यांची रांग पार फाट्यापर्यंत जाई.

"ओ सायेब, ह्यो कॉम्प्युटर हाय का गोगलगाय? बैलं उभ्यानं मरत्याल!" गाडीवान ओरडायचे.

सायमन हसायचा. "दोघांनी हो म्हटल्याबिगर लगीन लागतं का, मामा?"

तो नाताळाला गावी गेला तेव्हा मी प्रोग्रॅम बदलला. पहिल्या मशीनवर नोंद झाली की 'झालं'. प्रत मागाहून, सवडीनं. रांग ओसरली, साहेबांनी पाठ थोपटली. सायमन परतला तेव्हा मी सांगितलं, केबल नवी टाकली. "बरं केलंस गड्या," म्हणाला. त्याला खरंच आनंद झाला होता...

ऐन हंगामात पहिल्या मशीनची डिस्क गेली. हंगामात सवड कुठली? प्रत एक पाळी मागे होती. त्या पाळीतली वजनं कुठेच नव्हती. पावत्या गाडीवानांकडे होत्या, पण त्या गोळा होण्याआधीच गावोगाव बोभाटा झाला, की कॉम्प्युटरवाल्यानं काटा मारला. चौकशीत सायमनला विचारलं, "दोन्हीकडे नोंद झाल्याशिवाय 'झालं' येत नाही, हे तुम्हीच सांगता. मग पुसली कुणी?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे पाहत होतो.

त्याला काढलं. चर्चमध्ये दानाची थैली फिरवायचं काम त्याच्याकडे असे, तेही त्यानं आपणहून सोडलं. त्याच्या खुर्चीवर मी बसलो.

गेल्या महिन्यात त्याच्या घरी जाऊन वहिनींना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "तवाच बोलायचं हुतं, भाऊजी. आता काट्याचं इचारतंय कोण? लोकांच्या तोंडात नाव तेवढं ऱ्हायलंय, काटामाऱ्या."

आतल्या खोलीत त्यानं काढलेला कॉम्प्युटर क्लास अजून चालतो, त्याची मुलगी घेते. मुलं काम एका फ्लॉपीवर साठवतात, मग दुसरीवर, आणि ड्राइव्हचा दिवा विझेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहतात. सायमननं लावलेली शिस्त. मी उठलो तेव्हा दिवा जळतच होता... कुणी वर पाहिलं नाही.