मंगलताईंचा गंधार

तीन माणसं एका वेडापायी रोज एका टेबलाभोवती बसली, की किस्से होतातच. त्यात येणारा-जाणारा फुकटचा सल्ला देऊन जातो, म्हणजे भर पडतच राहते! गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत माझं हार्मोनियम दुरुस्तीचं दुकान आहे. तीस वर्षं पेट्यांचं ट्यूनिंग करतोय. स्वभावानं तापट आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

*

मंगलताईंची मखमलाबादकडे फुलशेती. एका सकाळी शेवंतीचे क्रेट मार्केटला टाकून त्या भजनी मंडळाची पेटी घेऊन आल्या. दुरुस्ती झाल्यावर मी म्हटलं, "गाऊन बघा."

"मी नाय गात. मी बेसूर हाय."

"कोण म्हणालं?"

"शाळेत सर म्हणले. स्पर्धेच्या आदल्या दिवशी सगळ्यांसमोर रांगेतून बाहेर काढलं. गंधार कोमल तरी गा नायतर शुद्ध, म्हणले. तवापास्नं लोकांत गायले नाय."

हट्टानं गायला लावलं. त्यांचा गंधार, म्हणजे सारेगमतला ग, कोमल पट्टीच्या वर, शुद्ध पट्टीच्या खाली, बरोब्बर मधे! दहा वेळा गायला लावला, दहाही वेळा तिथेच. अहो, बेसूर माणूस दहा वेळा एकाच जागी चुकतो का? माझ्या अंगावर काटा आला आणि मग डोकंच फिरलं. आयुष्यभर ही बाई गप्प का बसली, तर पेटीत तिच्या सुराची पट्टी नाही म्हणून!

*

निकमकाका माझे शेजारी. ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते, आता रिटायर. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "दोन पट्ट्यांच्या मधे जागा आहे ना? मग तिथे पार्ट बसवू. रडताय काय?"

आणि खरंच बसले की नवी पेटी बनवायला! मधमाशीच्या पोळ्यासारखी सहाकोनी बटणं, सगळी एका मापाची. साध्या पेटीत सप्तकाचे बारा सूर, आमच्यात चोवीस. दर दोन सुरांच्या मधे एक पाव सूर. आवाज लॅपटॉपमधून.

एकदा एक बटण दोन थाऊनं, म्हणजे इंचाच्या दोन हजारांशानं, जाड निघालं. काकांनी अख्खी ओळ उपसली.

"काका, केसाएवढासुद्धा फरक नाही. बोटाला कळणार नाही!"

"विमानाला कळतं."

"हे विमान आहे का?"

"उडेल तेव्हा बोलू!"

*

बटणांची मांडणी करताना आमची रोज भांडणं. शेवटी अशी बसली की सा कुठूनही धरा, बोटांचा आकार तोच राहतो. मंगलताईंचा घसा बसला तर दोन बटणं डावीकडे सरकायचं, बस्स!

एक नावाजलेले पेटीवादक बघायला आले. पाच मिनिटं टेबलाभोवती फिरले.

"यात काळी-पांढरी काहीच नाही. चुकलं तर कळणार कसं?"

काका मान वर न करता म्हणाले, "कानानं!"

चहा न घेताच गेले बिचारे.

*

खरं सांगायचं तर मीही चुकायचो. सगळी बटणं सारखीच! काका म्हणाले, नंबर टाकू. मंगलताईंनी पर्समधून लाल टिकल्यांचं पाकीट काढलं आणि आपल्या गंधाराच्या प्रत्येक बटणावर एकेक टिकली चिकटवली.

"हा माझा. आता कुणी विचारायचं नाय."

काकांनी मायक्रोमीटर काढला, टिकलीची जाडी मोजली, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "पास!"

*

मग आला महिला मंडळाचा कार्यक्रम. मंगलताई पहिल्यांदाच लोकांसमोर गाणार होत्या. प्रमुख पाहुणे कोण, तर तेच शाळेतले सर! पहिल्या रांगेत, गळ्यात हार. त्यांना मंगलताई आठवतही नव्हत्या. मी म्हटलं, "ताई, नको असेल तर राहू द्या."

"का? मी काय चोरी केली?"

गाणं सुरू झालं. त्या गंधारावर आल्या, मी टिकली दाबली, तर पेटीतून शुद्ध गंधार! सकाळी एका गिऱ्हाइकाच्या पेटीच्या ट्यूनिंगसाठी मी लॅपटॉपवर साधं बारा सुरांचं सेटिंग लावलं होतं आणि बदलायला विसरलो होतो. गाढवपणा माझा, आणि अख्खा हॉल बघतोय मंगलताईंकडे!

दोन आवाज एकमेकांना घासत होते. काका विंगेतून हातवारे करत होते. माझी बोटं लॅपटॉपवर भलतीकडेच पडत होती. मला वाटलं, आता ही बाई एक तर पेटीच्या सुरावर चढणार, नाहीतर पुन्हा कायमची गप्प होणार. त्या तसूभर हलल्या नाहीत.

सरांनी मान हलवली आणि खालूनच मोठ्यानं म्हणाले, "बाई, पेटीकडे लक्ष द्या! सूर सुटलाय!"

मंगलताई थांबल्या. पदर खोचला. माइक जवळ ओढला.

"सर, पेटी चुकली हाय. दादा लावतायत, येईल ती माझ्याकडं. मी हितंच हाय."

आणि पुन्हा तोच गंधार लावला.