टीव्हीवरची जोडी

माहेरी मला हट्टी म्हणतात, आणि ते खरं आहे. यंदा पोळ्याला मी सौंसरहून पांढुर्ण्याला आले तीही हट्टानंच. बाबांनी जाहीर केलं होतं, पोळा करायचा नाही. आमच्या जोडीतला एक बैल हिवाळ्यात म्हातारपणानं गेला आणि दुसरा उन्हाळ्यात. गोठ्यात आता ट्रॅक्टर उभा असतो. "ट्रॅक्टरले आवतन देऊ काय?" असं म्हणून बाबा पेपरात तोंड घालून बसले.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळायचे आणि त्यांना जेवायला बोलवायचं, ही आमच्याकडची रीत. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बाबा ते इतक्या खणखणीत आवाजात म्हणत की शेजाऱ्यांना आपल्यालाच बोलावणं आहे असं वाटावं. ते कानावर पडल्याशिवाय आई पुरणाच्या डाळीला हात लावत नसे. यंदा डाळ डब्यात होती आणि आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

मला कपाटावरचा कॉम्प्युटर आठवला. मी शाळेत असताना बाबांनीच हौसेनं नागपूरहून आणलेला. नुसता कीबोर्ड, पडदा म्हणून घरचाच टीव्ही जोडायचा. तो पोट सुटलेला टीव्हीही आईनं कधी भंगारात जाऊ दिला नव्हता. तारा जोडल्या, बटण दाबलं, आणि पडदा निळा झाला! मी चक्क उडी मारली.

या यंत्राचा स्वभाव मला तोंडपाठ आहे. वर चित्र, खाली अक्षरांसाठी चार ओळी, आणि एकानं दुसऱ्याच्या हद्दीत पाय ठेवायचा नाही. प्रोग्राम संपला की चित्रही गायब, म्हणून प्रोग्रामची शेवटची ओळ तिथल्या तिथे फिरवत ठेवायची, म्हणजे तो संपतच नाही. प्रत्येक रेघ कुठून कुठे जाते त्याचे आकडे टाइप करत मी दुपारभर बसले आणि शिंगांसकट दोन बैल उभे केले. खाली आवतन लिहिलं, अर्थात इंग्रजी अक्षरांत. यंत्राला दुसरी येतच नाहीत.

बाबा पाणी प्यायच्या निमित्तानं डोकावले. "बैल आता इंग्रजी वाचून राहिले काय?"

मला मिरच्या झोंबल्या. पण माणूस पेपर सोडून उठला होता, हे काय कमी होतं? मी मराठी अक्षरंही चित्रासारखी ठिपक्याठिपक्यांनी काढायला घेतली. वरची रेघ सोपी, एका फटक्यात सरळ. पण ठिपके इतके जाडे की 'घ्या'चा नुसता गोळा व्हायचा. अक्षरं मोठी केली तर ती बैलांच्या पाठीवर चढली. शेवटी जागा व्हावी म्हणून मी एक बैल पुसला. आता आवतन कसं ठसठशीत दिसत होतं! मी खूश होऊन बाबांना हाक मारली.

ते आले, त्यांनी बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"एकटा काहून ठेवला वं त्याले?" मग पडद्याकडे बघतच म्हणाले, "जोडीदार गेल्यावर हा असाच उभा राहे दावणीले. चाऱ्याले तोंड नाही लावे."

अक्षरांच्या नादात मला ते सुचलंच नव्हतं.

"पण मग आवतन लिहाले जागाच नाही राहत, बाबा."

"नको लिहू. जोडी ठेव."

मी सगळी अक्षरं पुसली आणि दुसरा बैल पुन्हा उभा केला. तोवर बाबा टोपी घालून, वाटीत हळद-तूप घेऊन आले.

"काचेले नका लावू, टीव्ही खराब होईन!" मी ओरडले. ऐकतो कोण? हट्ट माझ्यात आला कुठून? त्यांनी आधी एकाच्या खांद्यावर बोटं फिरवली, मग दुसऱ्याच्या, आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

स्वयंपाकघरात डाळीचा डबा उघडला.