त्यांना सांग, डिस्क गेली!

त्या पावसाळ्यानंतर आमच्या घरात सासरे आणि नवरा एकमेकांशी बोलत नव्हते, आणि एका रविवारी कॉम्प्युटरही सुरू होईना. पहिल्या गोष्टीची मला एव्हाना सवय झाली होती.

आम्ही बदलापूरला मांजर्लीत राहतो, तळमजल्यावर. जोराचा पाऊस झाला की एखाद्या वर्षी उल्हास नदी आमच्याकडे येऊन जाते (न सांगता, आणि चिखलाच्या पायांनी). त्या वर्षी ती थेट पलंगापर्यंत आली. पाणी ओसरल्यावर नितीनने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, हे घर विकून टाकायचं ठरवलं. ठरवलं ते ठीक, पण बाबांना न विचारता एक एजंटच घरी आणला! बाबांनी अंबरनाथच्या कारखान्यात जन्मभर पाळ्या करून हे घर उभं केलेलं. ते एजंटला म्हणाले, "चहा घ्या आणि निघा." मुलाला काहीच म्हणाले नाहीत. त्या दिवसापासून काहीच म्हणाले नाहीत.

मग घरातलं सगळं बोलणं माझ्यामार्फत सुरू झालं.

"वैशाली, तुझ्या नवऱ्याला सांग, गॅस संपलाय."

नवरा हातभर अंतरावर पोहे खात असायचा.

"अहो, गॅस संपलाय."

"त्यांना सांग, नंबर लावलाय."

"बाबा, नंबर..."

"ऐकलं मी!"

तर त्या रविवारी नितीनने कॉम्प्युटर चालू केला. पंखा घरघरला, दिवा लागला, काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक पांढरी ओळ उमटली आणि गाडी तिथेच अडली. नितीन ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरसमोरच बसतो, त्यामुळे ओळ शेवटपर्यंत वाचायची त्याला गरज वाटली नाही. सुरुवातीचे शब्द दिसताच तो ओरडला, "डिस्क एरर! हार्ड डिस्क गेली!"

"त्याला म्हणावं, बंद करून परत चालू कर," पेपरमागून आवाज आला.

"त्यांना सांग, केलं करून."

"मग प्लग हलवून बघ म्हणावं."

"त्यांना सांग, हा काय मिक्सर नाही!"

मी नुसती मान इकडून तिकडे फिरवत होते. थोड्या वेळाने बाबा उठले, कारखान्यापासूनची आपली हत्यारांची पेटी घेऊन आले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "वैशाली, स्क्रूड्रायव्हर इथे ठेवलाय. कुणाला लागला तर."

कुणाला तरी लागला. जागच्या जागीच कॅबिनेटची बाजू उघडली. आत इतकी धूळ होती की मेथी पेरली असती तर उगवली असती! मी मदत म्हणून रंगाचा ब्रश आणला आणि झाडता झाडता एक मेलेलं झुरळ बाहेर आलं. "हाच तो एरर," बाबा म्हणाले. नितीनला हसू आलं होतं, मी पाहिलं. पण हसला असता तर तो समेट झाला असता, म्हणून त्याने ते खोकल्यावर नेलं. नितीनने आतल्या वायरी दाबल्या, झाकण लावलं, एक स्क्रू उरला तो मी खिडकीत ठेवला (तो अजून तिथेच आहे). बटण दाबलं. पुन्हा तीच ओळ.

"त्यांना सांग," नितीन म्हणाला आणि थांबला. "नको. राहू दे."

पण बाबांनी पेपर खाली ठेवला होता. "तिचे फोटो त्याच्यातच आहेत ना?"

तिचे म्हणजे माझ्या सासूबाईंचे. आई गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. पुरात अल्बम भिजले, तेव्हा मी एकेक फोटो सोडवून दोरीवर चिमटे लावून वाळत घातला होता. नितीनने मोबाइलवर त्यांचे फोटो काढून कॉम्प्युटरमध्ये हलवले. मूळ फोटोंना पुढे बुरशी लागली, टाकून द्यावे लागले. दुसरीकडे कुठे ठेवायचं उद्या-उद्या करत राहून गेलं होतं. प्रश्न मला विचारला होता, पण तो मला पुढे सांगवेना.

"उल्हासनगरला जाऊ. कॅम्प दोनच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करून देतात," मी म्हटलं. हे मात्र दोघांना एकदम पटलं. मागच्या वायरी मीच उपसल्या, जे जे अडकलेलं होतं ते काढून बाजूला केलं, आणि रिक्षा बोलावली.

रिक्षात डावीकडे नितीन, उजवीकडे बाबा, मध्ये मी. बाबांच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेला सीपीयू. ते त्याला असे धरून बसले होते की रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "हॉस्पिटल जाना है क्या?"

अंबरनाथच्या पुढे एक खड्डा आला. खड्डा कसला, विहीरच! नितीन माझ्या अंगावरून झेपावला. "बाबा, धरा!"

"धरलंय रे!"

मग दोघंही आपापल्या बाजूला बाहेर बघायला लागले, जणू काही झालंच नाही. मी मध्ये बसून आळीपाळीने दोघांकडे बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला काही पोचवावं लागलं नव्हतं.

दुकानदार सिंधी काका होते. त्यांनी सीपीयू आपल्या स्क्रीनला जोडला, बटण दाबलं आणि तो पहिल्या झटक्यात सुरू झाला!

"भाभीजी, ये तो फर्स्ट क्लास चल रहा है. इसको हुआ क्या था?"

नितीनने घाईघाईने फोटो उघडले. आई आमच्या मांजर्लीच्या दारात उभ्या. घरात राहायला आल्या त्या दिवशीच्या, हातात नवं कुलूप, हसताहेत. दुकानात मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं, पण काकांनी त्यांना हातानेच थांबायची खूण केली.

"कुलूप लावताच येत नव्हतं तिला," बाबा म्हणाले. मला नाही, नितीनला.

"बाबा, फोटो वाचले. पुढच्या पुरात तुम्ही एकटेच घरी असलात तर? मी कामावर असतो, हिचंही येणंजाणं असतं. मला रात्री झोप लागत नाही."

"मग तसं बोलायचं होतंस. एजंट कशाला आणलास? मला आधी विचारायचंस."

"चुकलं."

बाबांनी चादरीची घडी घातली. ती पुन्हा सोडली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "चहा घेऊ कुठेतरी."

गोष्ट इथे संपली असती तर माझी अब्रू राहिली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी नितीनने कॉम्प्युटर चालू केला. काळा पडदा, पांढरी ओळ!

"अरे, पण लिहिलंय काय ते पूर्ण वाच ना," बाबा म्हणाले. आता दोघं शेजारी शेजारी बसले होते.

नितीनने शेवटपर्यंत वाचलं. "म्हणतोय, ही डिस्क सिस्टीमची नाही. ती काढा आणि कुठलंही बटण दाबा."

"ती म्हणजे कुठली?"

दोघं टेबलामागे वाकले. वर आले तेव्हा नितीनच्या चिमटीत नखाएवढा लाल पेन ड्राइव्ह होता. विहारातल्या आमच्या महिला मंडळाच्या कार्यक्रमासाठी मी त्यात गाणी भरत होते. आमचा जुना कॉम्प्युटर म्हणे सुरू होताना आधी पेन ड्राइव्हलाच विचारतो, बाबा रे, तुझ्यात सिस्टीम आहे का? त्याच्यात कुठली सिस्टीम, त्याच्यात ढोलकी!

"हा काल दुकानात नव्हता," नितीन म्हणाला.

"पर्समध्ये होता. घरी आल्यावर वायरी जोडताना परत लावला. दोन गाणी राहिली होती ना."

"आणि रविवारी?"

"तेव्हा... मागेच होता."

"वैशाली!" दोघं एका सुरात ओरडले. एकाच पट्टीत, एकाच वेळी, बापलेक शोभतील असे!

पुढच्या रविवारी ते दोघं मिळून बदलापूर पूर्वेला उंचावरचा एक फ्लॅट बघायला गेले. मीही साडी बदलून तयार झाले होते. ओटा कुठे, पाणी किती वाजता येतं, हे पुरुषांना काय कळणार? बाबांनी चपला घालता घालता नितीनकडे बघितलं आणि म्हणाले, "तिला सांग, तू घरीच थांब."

"आणि कशालाही हात लावू नकोस," नितीन म्हणाला.