ट्रंक भरणारी बाई

गोव्यात साखळीला आमचं घर आहे. त्याला पुढच्या बाजूने बाल्कांव, म्हणजे उघडा व्हरांडा आहे, दोन्हीकडे बसायला सिमेंटचे सोपे, म्हणजे बाक असलेला. दुपारची भांडी आवरली की बायको तिथे पुस्तक घेऊन बसायची. त्या दिवशी मी कामावरून आलो, तेव्हा पुस्तक खाली पालथं पडलं होतं आणि ती त्याच्याकडे नुसती बघत होती.

"कितें जालें गो?" मी विचारलं.

तिने तोंड उघडलं. बराच वेळ काही आलंच नाही. मग आला तो एकच शब्द. "तेंच."

पक्षाघाताचा झटका होता. इस्पितळातून घरी आणली तेव्हा उजवा हात लुळा पडलेला, पाय ओढत चालायची, आणि बोलण्यातला तेवढा एक शब्द उरला होता. भूक लागली तरी 'तेंच', पाय दुखला तरी 'तेंच', पुण्याहून लेकीचा फोन आला तरी 'तेंच'. आपण चुकीचं बोलतोय हे तिला कळायचं. म्हणून मग डोळ्यांत पाणी यायचं.

तिला बोलायला शिकवायला म्हापशाला एक मुलगी होती, मूळची बेळगावकडची. तिने मला विचारलं, "काका, काकूंना काय आवडायचं?"

"वाचायला."

"मग रोज वाचून दाखवा."

"तिला कळेल?"

"किती कळतंय ते आत्ता कुणालाच सांगता येणार नाही. पण वाचा तुम्ही."

मी आयुष्यभर यंत्रांत राहिलेला माणूस. आधी खाणीवरच्या वर्कशॉपमध्ये, खाण बंद पडल्यावर डिचोलीच्या एका गॅरेजमध्ये. वाचायचो ते वर्तमानपत्र, नाहीतर इंजिनाबरोबर आलेलं माहितीपुस्तक. पेडण्याला तिच्या माहेरी सगळेच वाचणारे. आमच्या घरात मात्र ती एकटीच. मी शाळेनंतर गोष्टीचं पुस्तक कधी हातात धरलेलं नव्हतं.

खाली पडलेली तीच कादंबरी घेतली. "कुठपर्यंत आलेलीस?" म्हणून विचारलं. तिने डाव्या हाताने पानं उलटली, परत उलटली आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं. मी पहिल्यापासून सुरुवात केली.

एक बाई भाड्याचं घर सोडून चाललीय आणि ट्रंक भरतेय. एवढंच. पहिल्या दिवशी ती ट्रंक भरत होती, आठवडा झाला तरी ट्रंकच भरत होती. मधेच कधीची तरी एक जत्रा आठवायची, मग परत ट्रंक. माहितीपुस्तकात 'हा नट सैल करा' म्हटलं की नट सैल करायचा. इथे वाक्य वाचून झाल्यावर काय करायचं तेच समजेना. माझा आवाजही शाळेत फळ्यासमोर उभं केल्यासारखा निघायचा. मोठी वाक्यं मधेच तुटायची.

"ही निघणार तरी कधी?" मी बायकोला विचारायचो.

"तेंच," ती म्हणायची.

एकदा कंटाळून मी पाच-सहा पानं एकदम उलटली आणि पुढे वाचायला लागलो. तिने डाव्या हाताने पुस्तकावर थाप मारली.

"न्हय! न्हय!"

दुसरा शब्द! मी तसाच उठून आत गेलो आणि लेकीला फोन लावला. ती रडायलाच लागली. म्हापशाची मुलगीही खूश झाली. त्या दिवसापासून मी एक ओळ गाळली नाही. आता रोज एक शब्द येईल असं मला वाटत होतं. पुढचा काही आला नाही.

मग ते शर्टाचं पान आलं. त्या बाईने नवऱ्याचा शर्ट ट्रंकेत ठेवला, बाहेर काढला आणि परत ठेवला. नवरा कधीचा निघून गेलेला. ती बोलली काहीच नाही, लेखकानेही सांगितलं नाही. माझी बायको मात्र हुंदके देऊन रडायला लागली. मी पान परत वाचलं. शर्ट ठेवला, काढला, ठेवला. यात रडण्यासारखं काय होतं?

"कित्याक रडतंस गो? कितें आसा हातूंत?"

तिला सांगायचं होतं. ओठ हलत होते, गळ्याची शीर ताठली होती. 'तेंच, तेंच' एवढंच येत राहिलं. शेवटी तिने तोंड फिरवलं. मी लेकीला विचारलं, तर ती म्हणाली, "बाबा, मी कुठे वाचते? हे आईलाच माहीत."

आईलाच माहीत होतं. आणि तिलाच विचारून उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून पुस्तक डब्याबरोबर गॅरेजमध्ये न्यायला लागलो. जेवणाच्या सुट्टीत संध्याकाळची पानं आधी वाचून ठेवायची, म्हणजे अडखळायला होणार नाही. बरोबरचे हसायचे. "परीक्षेक बसतास की कितें?" मी हसण्यावारी न्यायचो आणि परत परत त्या शर्टाच्या पानावर यायचो. असाच एकदा वाचताना 'इस्त्रीची घडी' हे दोन शब्द दिसले. इतके दिवस ते डोळ्यांखालून जात होते. घरात माणूस नाही आणि शर्टाला इस्त्री आहे. म्हणजे ती अजून इस्त्री करत होती. मी डबा तसाच झाकून ठेवला.

घरी आलो तो चपला न काढताच तिच्यासमोर उभा राहिलो. "ती इस्त्री! इस्त्रीसाठी रडलीस ना तू?"

तिने माझ्याकडे बघितलं. "न्हय," म्हणाली.

खरंच 'नाही' म्हणायचं होतं, की त्या वेळी तोंडात तोच शब्द आला, हे मला कळलं नाही. अजून कळलेलं नाही.

पावसाळ्यात तिला आणखी एक झटका आला, लहानसा. त्यानंतर 'न्हय' गेलं. मी वाचायचो आणि ती जनेलातून बाहेर बघत राहायची. कादंबरी संपली, तिच्या कपाटातली दुसरी घेतली. ही एका होडीवाल्या कुटुंबाची होती आणि आधीच्यापेक्षा कठीण.

परवा म्हापशाला गेलो, तेव्हा त्या मुलीने मला बाजूला घेऊन सांगितलं की आता फार सुधारणा होईल असं धरू नका.

"मग वाचन बंद करू?"

"काका, ते तुम्ही ठरवा."

मला ठरवता आलं नाही. परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. बायको माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. मी एका हाताने पिशवीतून पुस्तक काढलं आणि मांडीवर उघडलं. दुसरा हात तिच्या पाठीमागे होता. तो काढला असता तर वळणावर ती पुढे कोसळली असती. एका हाताने पान उलटेना, वाऱ्याने पुस्तक मिटत होतं, अंगठा दाबून ठेवावा लागत होता. साखळी येईपर्यंत मी तेच पान वाचत बसलो.