मालगुजाराच्या तळ्याचे दुसरे लग्न

उपसलेल्या गाळाला एक गंध असतो. कुजलेल्या कमलनालांचा, शिंपल्यांचा, वर्षानुवर्षे सूर्य न पाहिलेल्या मातीच्या गार निःश्वासाचा. वैशाखातल्या सकाळी तो नाकात शिरला की मनुष्य फावडे टेकून नुसता उभा राहतो. एखादा जलाशय इतका काळ काय काय पोटात घेऊन मूक बसतो, या कुतूहलाने तुम्हाला कधी छळले आहे काय? मला ते अजूनही छळते.

छत्तीसगडातल्या भिलाईत नेहरू नगरच्या पलीकडे एका जुन्या मालगुजाराची, म्हणजे जमीनदाराची, बाग होती. मालगुजारी गेली, माळी पांगले, आणि आमराईतून बेशरमाची झुडपे थेट तळ्यात उतरली. पोलादाच्या कारखान्यात नोकरी करणारे आम्ही काही वैदर्भीय सुट्टीच्या दिवशी घमेली-फावडी घेऊन तेथे जाऊ लागलो. बोलावले कुणीच नव्हते. मालगुजाराची वृद्ध विधवा सून, जिला सारा गाव दाई, म्हणजे आई, म्हणे, ओसरीवरून पाहत राही आणि निमूट चहा पाठवी.

तळ्याच्या मध्यावर एक लाकडी खांब होता. आता आम्हा वैदर्भीयांच्या मंडळाच्या बैठकीत सांगतात की तो आपोआप कोसळला. आपोआप! साल वृक्षाचे ते काळेभोर खोड कित्येक पावसाळे ताठ उभे होते, आणि नेमके बोकाऱ्यांनी दोर बांधला त्याच दिवशी त्याला झोप आली?

बोकारे मेंटेनन्समधले, हाताला यश असलेले गृहस्थ. परंतु लाकूड दिसले की त्यांना लोखंड आठवे. "भाऊ, सडून राहिलं न हे! पाइप ठोकू. तुमचे नातू येतीन पाहाले."

"अबे, पयले इचार तर खरं, कावून गाडलं असन हे?" मी म्हणालो.

"पाणी मोजाले, अजून कावून?"

पुढच्या सुट्टीला तेथे पोलादी नळी उभी राहिली. तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची, इंचांच्या खुणांची, अगदी ओळंब्यात. किती सुबक आणि किती अनाथ दिसत होती ती!

त्याच दुपारी दाई प्रथमच ओसरी उतरून काठावर आली. तिच्या नातीचे लग्न तोंडावर आले होते. लग्नाच्या चुलीसाठी वाजतगाजत माती आणायची, त्या विधीला तिकडे चुलमाटी म्हणतात. आणि त्या घरच्या प्रत्येक मुलीची चुलमाटी याच तळ्याच्या काठची. त्या घरच्या रीतीत तळे वधू आणि खांब वर. खांब गेला, म्हणजे तळ्याचे लग्नच मोडले!

"बिन बिहाव के तरिया के माटी म मोर नतनिन के चूल्हा नइ बनय," ती म्हणाली. लग्न न झालेल्या तळ्याच्या मातीची चूल तिला नातीसाठी चालणार नव्हती. मग बोकाऱ्यांकडे रोखून, "बिहाव तुमन टोरे हव, त जोरहू घलो तुमन."

मोडणाऱ्यांनीच जोडावे, असा तिचा निवाडा. बैठकीतले विद्वान म्हणतात की आम्ही अंधश्रद्धेपुढे मान तुकवली. मी विचारतो, दुसऱ्याच्या घरात शिरून, न विचारता, त्याच्या देवळीतली मूर्ती बदलून तेथे घड्याळ ठेवणे ही कोणती विज्ञाननिष्ठा?

आम्ही सालाचे नवे खोड आणले. नळी उपटताना बोकारे एकटेच छातीभर पाण्यात उतरले. कुणाला हात लावू देईनात. मग त्या खोडाचे तळ्याशी लग्न लावायचे तर वरपिता कोण, असा प्रश्न निघाला, आणि दाईने बोट त्यांच्याकडेच दाखवले. ओल्या धोतरानिशीच त्यांच्या डोक्यावर पागोटे चढले. व्याह्याला शिव्यांची गाणी म्हणण्याचा तिकडे बायकांचा हक्क. त्या दिवशी लग्नाच्या पंगतीत तो त्यांनी मनसोक्त बजावला.

"लोहा वाला समधी आइस, भात ला घलो हथौड़ी म फोरत हे!"

भातसुद्धा हातोडीने फोडणारा व्याही! बोकारे आता म्हणतात, असे कुणी गायलेच नाही. मी तेथे होतो. त्यांच्या घशाशी घास अडकला, तेव्हा पाण्याचा लोटा मीच पुढे केला.

दुसऱ्या दिवशी चुलमाटीची वेळ झाली. सनई वाजत होती. दाई बराच वेळ त्या नव्या, अजून सालीचा तांबूस रंग न सुटलेल्या खांबाकडे पाहत राहिली. मग तिने सब्बल, म्हणजे पहार, नातीच्या हाती दिली, स्वतः पदर पसरला, आणि काठची पहिली ओली माती त्यात झेलली.

पाणी कालचेच होते, गाळही आम्हीच उपसलेला. इतके आठवडे मी त्याला आमचे तळे म्हणत आलो होतो. त्या सकाळी, पाठमोरी जाणारी ती मिरवणूक पाहताना, मी तसे म्हणणे सोडले.