इंजिन बंद, शाळा चालू

पडदा वर जातो. हेडमास्तरांची खोली. डावीकडे पाण्याचा माठ, मागच्या भिंतीवर घड्याळ, मधोमध टेबल आणि टेबलामागे आमचे नेनेसर. उजवीकडच्या खुर्चीत मी, शाळेच्या गॅदरिंगचं नाटक बसवायला आलेली नटी, नाटकाची वही मांडीवर घेऊन. खिडकीतून यंत्रमागांची खटखट आत येतेय. भिवंडीत पार्श्वसंगीताचे पैसे कधी कुणाला द्यावे लागले नाहीत. साल १९९०, दिवाळीच्या सुट्टीआधीचे दिवस.

आणि दारातून गुणाबाई येते.

शिपायाने अडवायच्या आत ती टेबलापाशी पोचली होती. काळीसावळी, काटक, पदर कमरेला खोचलेला, केसांवर सुताची पांढरी तूस. मजीदशेठच्या कारखान्यात ती कांडी मशीनवर होती. मागाला लागणाऱ्या कांड्या सुताने भरायचं काम. तिथून तशीच उठून आली होती. रंगभूमीवर मी तीस वर्षं राण्या केल्या, सासवा केल्या, पण अशी एंट्री मला एकदाही जमली नाही.

"सर, माझ्या मैनेचा दहावीचा फारम का आडवलाय?"

"गुणाबाई, बसा आधी."

"मी उभ्यानं काम करते. उभ्यानंच बोलते."

सरांनी हजेरीपट उघडला. "शंभर दिवसांत बावन्न हजेऱ्या. बोर्डाला पंचाहत्तर टक्के लागतात. हा नियम माझा नाही."

"आनि प्रार्थना झाली का गेट बंद, जो मागं राहील त्याची गैरहजेरी. ह्यो नियम कोनाचा?"

सरांनी चष्मा पुसायला घेतला. नियम त्यांचाच होता. खोल्या कमी पडल्या म्हणून त्या जूनपासून दहावी सकाळी सातला भरत होती, आणि मैनेच्या गावाहून, दिघाशीहून, पहिली एस्टीच सातला निघे. कामाच्या बायकांच्या खच्चून भरलेल्या टेम्पोत कधी जागा मिळाली तर मैना वेळेत पोचायची, नाहीतर एस्टीने धावतपळत यायची, बंद गेटाशी उभी राहायची आणि परत जायची. नेनेसर माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना दिघाशीचा रस्ता माहीत नव्हता.

शेवटी ते म्हणाले, "फॉर्म पाठवतो. पण पुढच्या पंचाण्णव दिवसांत एकही दिवस चुकला तर हॉलतिकीट देणार नाही. पंचाण्णवच्या पंचाण्णव."

"चुकनार न्हाय," गुणाबाई म्हणाली आणि निघून गेली. कसं, ते तिलाही तेव्हा ठाऊक नव्हतं.

मजीदशेठच्या कारखान्यात मागच्या भिंतीला एक लुना मोपेड गोणपाटाखाली पडून होती. शेठच्या मुलासाठी घेतलेली. मुलगा कुवेतला गेला, लुना राहिली. गुणाबाईने सरळ शेठला गाठलं. पुढचा सगळा प्रसंग तिने मला नंतर दोन्ही आवाज काढून करून दाखवला होता.

"शेठ, या दिवाळीला बोनस नको. ती लुना द्या."

"बाई, तुला चालवता येते?"

"मला न्हाय. माझ्या मैनेला यील."

"पोरगी? लुनावर? दिघाशीत?"

"लुनाला कुठं म्हाईत हाय, वर पोरगा बसलाय का पोरगी?"

शेठ पोट धरून हसला. त्याने नवं टायर टाकून दिलं, टाकी भरून दिली, पण अट घातली. "बिनालायसन इंजिन चालू केलंस तर गाडी परत. पोरीला काही झालं तर खुदाला मी काय तोंड दाखवू? सोळा पुरी झालीय ना? या गाडीला सोळा चालतात."

"सोळा? शिमग्याला सतरावं लागलं तिला."

इथे माशी शिंकली. लायसन्सच्या ऑफिसात शाळेचा दाखला लागला आणि दाखल्यावर जन्मतारीख होती एक जून १९७५. म्हणजे मैना पंधराची. गावच्या मास्तरांनी पहिलीत नाव घालताना राघोला विचारलं, "पोरगी केवढी?" राघो म्हणजे मैनेचा बाप. तो म्हणाला, "आसंल सहाची." मास्तरांनी लिहून टाकली एक जून. त्यांनी सगळ्या गावाला तीच तारीख दिली होती. आमच्या नाटकात दिघाशीची सात मुलं होती. सातही जणांचा वाढदिवस एकाच दिवशी.

गुणाबाई पुन्हा नेनेसरांसमोर. पुन्हा उभी.

"तारीख बदला."

"दहावीत रजिस्टर बदलता येत नाही हो. शाळेच्या वहीत जे आहे..."

"सर, मैनेच्या वक्ताला बाळंत मी झाले का तुमची वही?"

मी नाटकाच्या वहीत तोंड लपवलं. सरांचे कान लाल झाले, पण त्यांनीच वाट दाखवली. "पंचायतीत जन्माची नोंद असेल. तिचा उतारा लायसन्सवाल्यांना द्या."

नोंद होती. मार्च १९७४, होळीच्या दिवशी: 'राघो चिंधू यास मुलगी.' बस. नाव नाही, कारण नोंद करताना बारसंच झालेलं नव्हतं. आता ही मुलगी म्हणजेच मैना, असं बापाने सहीनिशी लिहून द्यायचं. राघोने इथे हात आखडला. तो रात्रपाळीला माग चालवणारा, अबोल माणूस. त्याचा चुलतभाऊ रामू रोज ओट्यावर येऊन बसे.

"पोरगी गाडीवर टांग टाकून फिरनार? उद्या पडली तर जबाबदार कोन?"

आतून गुणाबाईने विचारलं, "पडली तर मी उचलीन. घरी बसली तर कोन उचलील, तू?"

रामू गेला, पण राघोने सही केली नाही. सुट्टी संपली, शाळा उघडली, पंचाण्णवातला पहिला दिवस उजाडला.

आता लुनाला पायडल असतं, हे ज्यांनी ती चालवली त्यांनाच आठवेल. पेट्रोल संपलं तर सायकलीसारखी मारत घरी न्यायची. गुणाबाईने किल्ली स्वतःच्या कमरेला लावली आणि पोरीला म्हणाली, "इंजिन बंद. बस वर. मार पायडल."

पहाटे पाचला मैना निघायची. लोखंडाचं ते धूड पायांनी ओढायचं म्हणजे काय हे मांड्यांनाच ठाऊक. साधी सायकल घ्यायला बोनस उरला नव्हता. चढाला गुणाबाई पदर खोचून मागून ढकलायची आणि मोठा रस्ता लागला की कामाला जाणाऱ्या बायकांच्या टेम्पोत चढायची. टेम्पो मैनेच्या मागे-मागे, तिच्याच चालीने. ड्रायव्हर कुरकुरला तर बायकाच त्याला गप्प करायच्या. एकदा नाक्यावर हवालदाराने शिट्टी मारली.

"ए पोरी, लायसन्स?"

टेम्पोतून उत्तर आलं. "इंजिनाला हात लावून बघा, सायब. गार हाय. सायकलीला कधीपासून लायसन लागतो?"

हवालदाराने खरंच हात लावून पाहिला.

नेनेसर खिडकीतून रोज बघत. घामाने निथळलेली पोर सातच्या आत गेटातून आत यायची, दम खायला थांबायची आणि मग प्रार्थनेला रांगेत उभी राहायची.  ते शिपायाला सांगून तिच्या वर्गाबाहेर पाण्याची कळशी भरून ठेवायला लागले होते.

नवव्या दिवशी राघोची पाळी लवकर सुटली. तो ट्रकने गावाकडे निघाला होता. समोरून चढावर त्याला त्या दोघी दिसल्या. पुढे मुलगी उभ्याने पायडल मारतेय, मागे बायको वाकून ढकलतेय. राघोने ट्रक थांबवला, उतरला.

"पेट्रोल संपला काय?"

"टाकी भरलेली हाय," गुणाबाई म्हणाली. "तुमची सही ऱ्हायलीय."

 बायकोला बाजूला सारून राघोने लुना ढकलायला घेतली, थेट शाळेपर्यंत. आणि त्याच सकाळी नेनेसरांच्या टेबलावर, नेनेसरांच्याच पेनने, त्याने सही केली.

लायसन्सच्या ऑफिसात मी बरोबर गेले होते, साक्षीदार म्हणून. मुलगी अठराच्या आतली, म्हणून पालकाची संमती वेगळी लागते. राघो पेन काढणार तोच गुणाबाईने शाईच्या डबीत अंगठा बुडवला. कारकून म्हणाला, "बाई, कळतंय ना? काही झालं तर तुम्ही जबाबदार."

"सोळा वर्सं कोन व्हता, तुम्ही?" असं म्हणून तिने अंगठा असा दाबला की शाई मागच्या पानावर उमटली.

किल्ली मात्र तिने मैनेला रोज सकाळी हातात दिली आणि रोज दुपारी परत घेतली. घर ते शाळा, शाळा ते घर. मागे कुणाला बसवायचं नाही. एके दिवशी शाळा सुटल्यावर मैना मैत्रिणीला मागे घालून अंजूरला खाडी बघायला गेली. गुणाबाईने दुसऱ्या दिवशी पुन्हा तिला इंजिन बंद ठेवून शाळेत पाठवलं. "पायडल इसरलीस काय?" एवढंच म्हणाली.

मागे कुणाला न बसवायचा नियम तिने स्वतः एकदाच मोडला. फेब्रुवारीत नेनेसरांनी हजेरी तीनदा मोजली. पंचाण्णवच्या पंचाण्णव भरल्या होत्या. हॉलतिकीट घेऊन मैना गावात आली तेव्हा गुणाबाई राघोला म्हणाली, "बसा तिच्या मागं. एक फेरी मारून या." भर दुपारी, रामूच्या ओट्यावरून, बाप लेकीच्या मागे दोन्ही हातांनी सीट घट्ट पकडून गेला. रामू म्हणाला, "राघो, उतर खाली, लोक बघतात!" राघो आयुष्यात एकदाच ओरडला असेल. "बघू दे की!"

मैना पास झाली, पुढे डी.एड. झाली, एका खेड्याच्या शाळेत बाई म्हणून लागली. सत्त्याण्णवच्या जूनमध्ये मी तिला भेटायला गेले. पहिलीची नावं घालायचा दिवस. गुणाबाई लेकीचा डबा घेऊन आली होती, खूप खंगलेली, धाप लागत होती. त्या पावसाळ्यातच ती गेली. पण त्या दिवशी ती शाळेच्या ओट्यावर खांबाला टेकून बसली होती. एक बाप मुलीचं बोट धरून आला आणि मैनेला म्हणाला, "लिवा बाई, एक जून."

मैनेने पेन उचललं नाही. तिने आईकडे पाहिलं.

गुणाबाई खांबाला धरून उठली. तिच्या तोंडून मी ऐकलेलं हे शेवटचं.

"ए दादा, घरी जा आनि पोरीच्या आईला घेऊन ये. ही जन्मली तवा तू भायेर बिडी फुकत व्हतास."